मॉडेल मगिंग

मॉडेल मगिंग ही स्वसंरक्षण शिकवण्याची एक अमेरिकन पद्धत आहे. या पद्धतीत संपूर्ण अंग जाड पॅडांनी व डोके मोठ्या शिरस्त्राणाने झाकलेला प्रशिक्षक हल्लेखोराची भूमिका करतो आणि शिकणारी व्यक्ती हात न आखडता, पूर्ण ताकदीने त्याचा प्रतिकार करते. हल्ला बनावट असला तरी अंगावर धावून येणे, धमकावणे, शिवीगाळ, मागून पकडणे, जमिनीवर पाडणे हे सारे शक्य तितके खऱ्यासारखे ठेवले जाते. त्यामुळे शिकणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात भीतीची खरी प्रतिक्रिया उमटते. शांत मनाने शिकलेले कौशल्य भीतीच्या क्षणी हाताशी येईलच असे नाही, म्हणून सरावही भीतीच्या अवस्थेतच झाला पाहिजे, हे या पद्धतीमागचे मूळ सूत्र आहे. मॅट थॉमस यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियात या पद्धतीची सुरुवात केली. पुढे अमेरिकेतील अनेक शहरांत ती 'इम्पॅक्ट' या नावाने पसरली. पोलीस व नागरी प्रशिक्षणातही तिच्याशी साधर्म्य असलेल्या पद्धती रूढ आहेत.

पार्श्वभूमी

या पद्धतीच्या उगमाची एक हकिकत तिच्या संस्थांकडून सांगितली जाते. कराटेमध्ये ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या एका स्त्रीवर बलात्कार झाला. वर्षानुवर्षे घोटलेले डाव त्या वेळी तिच्या कामी आले नाहीत आणि तिच्या कराटेशाळेत सहानुभूती मिळण्याऐवजी तिलाच बोल लावला गेला. स्वतः युद्धकलांचे अभ्यासक असलेल्या थॉमस यांना मात्र दोष त्या स्त्रीचा नसून शिकवण्याच्या रीतीचा असावा असे वाटले. त्यांनी स्त्रियांवरील सुमारे ३,००० हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, असेही या संस्था सांगतात. हा अभ्यास पुढील पद्धतीचा आधार मानला जातो.

कराटेच्या पारंपरिक सरावातील एक रीत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सोबत्याला इजा होऊ नये म्हणून ठोसा किंवा लाथ त्याच्या अंगापाशी येताच थांबवली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रीत योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ असाही होतो की विद्यार्थी हजारो वेळा 'न मारण्याचा' सराव करतो. त्यातच समोरचा सोबती अभिवादन करून, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या पवित्र्यात उभा असतो. प्रत्यक्ष हल्ल्यात यातले काहीच नसते. हल्लेखोर बहुधा आधी बोलतो, जवळ येतो, मागून किंवा बाजूने पकडतो आणि झटापट लवकरच जमिनीवर जाते. मॉडेल मगिंगमध्ये जमिनीवर पडलेल्या स्थितीतून लाथा मारण्यावर एवढा भर का दिला जातो, हे यावरून समजते. स्त्रीच्या शरीरातील सर्वांत मोठे बळ कमरेखाली, मांड्यांत असते. पाठीवर किंवा कुशीवर पडलेल्या स्त्रीला ते पुरेपूर वापरता येते, हा त्यामागचा विचार आहे.

इजा टाळून खऱ्या ताकदीने मारता यावे यासाठी साधने घडवण्याची कल्पना अर्थातच नवी नव्हती. जपानमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी बांबूची तलवार आणि अंगावरील चिलखत यांचा वापर सुरू झाला, आणि त्यातूनच पुढे केंदो हा खेळ आकाराला आला. महाराष्ट्रातील फरीगदगा या खेळातही तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेली काठी, म्हणजे गदगा, आणि तिचे वार झेलायला फरी नावाची लहान ढाल असते. या सर्वांत दोघेही खेळाडू एकमेकांवर वार करतात आणि दोघांसाठी नियम सारखेच असतात. मॉडेल मगिंगमध्ये मात्र चिलखत फक्त हल्लेखोराला असते. तेथे सामना नसतो, गुण नसतात, आणि 'जिंकणे' म्हणजे तेथून सुटणे.

ही पद्धत सुरू झाली त्या काळात स्त्रियांनी बलात्काराच्या प्रसंगी प्रतिकार करू नये, केल्यास इजा वाढेल, असा सल्ला अमेरिकेत सर्रास दिला जाई. पॉलीन बार्ट आणि पॅट्रिशिया ओ'ब्रायन यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. त्यांनी हल्ल्याला तोंड दिलेल्या ९४ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या; त्यांपैकी ५१ जणींनी बलात्कार टाळला होता. या स्त्रियांनी ओरडणे, पळणे, झटापट करणे असे एकाहून अधिक उपाय एकत्र वापरल्याचे आढळले. केवळ विनवणीचा मार्ग सहसा उपयोगी पडला नव्हता.

भीती आणि शरीर

धोका जाणवताच शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते, ही कल्पना अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडली. अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके आणि श्वासाची गती वाढते, मोठ्या स्नायूंकडे जाणारे रक्त वाढते आणि यकृतातून साखर बाहेर पडते. हे सर्व काही सेकंदांत घडते. या सज्जतेची किंमतही असते. हात थरथरतात, बोटांची नाजूक हालचाल बिघडते आणि घसा कोरडा पडतो. शब्दही सुचत नाहीत. प्रशिक्षणविषयक लिखाणात या अवस्थेला ढोबळपणे 'अ‍ॅड्रिनॅलिनची अवस्था' म्हटले जाते. वास्तविक रक्तातील अ‍ॅड्रिनॅलिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. लक्ष, स्मृती आणि निर्णय यांवरील परिणामात मेंदूतच तयार होणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा मोठा वाटा असतो. म्हणून ही संज्ञा सोयीची असली तरी काटेकोर नाही.

संवेदनांतील बदल त्याहून चकित करणारे आहेत. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्सिस आर्टवोल यांनी गोळीबाराच्या प्रसंगातून गेलेल्या १५७ अमेरिकन पोलिसांकडून माहिती गोळा केली. त्यांपैकी ८४ टक्के पोलिसांना आवाज कमी ऐकू आले होते. ७९ टक्के पोलिसांची नजर बोगद्यातून पाहावे तशी आक्रसली होती, तर ६२ टक्के पोलिसांना काळ संथ झाल्यासारखा वाटला होता. हे लोक शस्त्रांचे प्रशिक्षण घेतलेले होते. सामान्य माणसाला असा अनुभव प्रथमच येतो तेव्हा 'आपल्याला काहीतरी झाले आहे' अशी आणखी एक भीती मूळ भीतीत मिसळते. पॅड घातलेल्या हल्लेखोरासमोरील सरावाचा एक साधा उपयोग येथेच होतो. शरीराची ही अवस्था आधी अनुभवलेली असली की ती ओळखीची वाटते.

लढणे आणि पळणे यांखेरीज थिजणे ही तिसरी प्रतिक्रियाही तितकीच नैसर्गिक आहे. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात शरीर जखडल्याचे सांगितले. ४८ टक्के स्त्रियांमध्ये ही अवस्था अतितीव्र होती. हात उचलावासा वाटूनही तो उचलला जात नाही, ओरडावेसे वाटूनही आवाज फुटत नाही. 'तिने विरोध का केला नाही' या न्यायालयांत आणि घराघरांत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा या शारीरिक प्रतिक्रियेत असते. त्याचा संमतीशी संबंध नसतो.

या माहितीवरून मॉडेल मगिंगमधील डावांची निवड स्पष्ट होते. बोटांच्या नेमक्या पकडी, मनगट मुरगळण्याचे बारीक प्रकार किंवा उंच लाथा तेथे जवळजवळ नसतात. तळहाताच्या टाचेने हनुवटीवर किंवा नाकावर मारणे, कोपराचा फटका, जांघेत गुडघा, डोळ्यांकडे बोटे नेणे आणि जमिनीवरून लाथा, एवढ्याच मोजक्या ठळक हालचाली असतात. डाव जितके कमी, तितकी ऐनवेळी निवड करण्याची गरज कमी.

प्रशिक्षणविषयक पुस्तकांत हृदयाच्या ठोक्यांचा एक कोष्टकवजा हिशेब वारंवार दिला जातो: मिनिटाला ११५ ठोक्यांच्या पुढे नाजूक हालचाली बिघडतात, १४५ च्या पुढे गुंतागुंतीच्या. ब्रूस सिडल यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे हे आकडे लोकप्रिय झाले. त्यांकडे जपून पाहावे लागते. जिने चढून वाढलेले १४५ ठोके आणि भीतीने वाढलेले १४५ ठोके यांत फरक आहे, आणि ठोके हे उद्दीपनाचे लक्षण आहे, बिघाडाचे कारण नव्हे. बॅडमिंटनपटू त्याहून अधिक ठोक्यांवरही नेटलगतचा अलगद फटका मारतो.

प्रशिक्षणाचे स्वरूप

मूलभूत अभ्यासक्रम सामान्यतः २० ते २५ तासांचा असून तो काही आठवड्यांत किंवा लागोपाठच्या शनिवार-रविवारी पूर्ण केला जातो. वर्ग लहान असतो. मुख्य प्रशिक्षक बहुधा स्त्री असते आणि पॅड घातलेला प्रशिक्षक पुरुष. सुरुवात मारामारीने होत नाही. वर्तुळात बसून प्रत्येक जण आपल्या इच्छेप्रमाणे, जितके सांगावेसे वाटेल तितके सांगतो. कोणत्याही प्रसंगातून बाहेर राहण्याची मुभा प्रत्येकाला असते. त्यानंतर आवाज, अंतर आणि उभे राहण्याची रीत शिकवली जाते. दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, समोर. ही मुद्रा पाहणाऱ्याला समजुतीची वाटते. प्रत्यक्षात हात फटक्यासाठी तयार असतात. 'मागे व्हा', 'मला त्रास नको आहे' अशी छोटी, स्पष्ट वाक्ये मोठ्याने म्हणण्याचा सराव होतो. अनेकींना मारण्यापेक्षा हे ओरडणे अवघड जाते.

फटके आधी हातातील गादीवर, मग प्रशिक्षकावर संथ गतीने, आणि शेवटी पूर्ण वेगाने मारले जातात. पूर्ण वेगाच्या फेरीत मॅटच्या कडेला बाकीचे विद्यार्थी रांगेत उभे राहून ओरडून प्रोत्साहन देतात, मुख्य प्रशिक्षिका शिट्टी घेऊन अगदी जवळ असते आणि गोंधळ उडाल्यास पुढचा फटका कोणता ते मोठ्याने सांगते. प्रत्येक फटक्याबरोबर 'नो!' असे ओरडण्याची सक्ती असते. हा केवळ आवेशाचा भाग नाही. भीतीने माणूस श्वास रोखतो, आणि श्वास रोखलेला माणूस थिजतो. ओरडल्याने उच्छ्वास आपोआप बाहेर पडतो. हल्लेखोर निश्चल झाला की फेरी संपत नाही. उठायचे, अंतर घ्यायचे, दुसरा कोणी आहे का ते चहूकडे पाहायचे, रांगेकडे धावत जायचे आणि आपत्कालीन सेवेचा ९११ हा क्रमांक ओरडायचा, असा ठरलेला शेवट असतो. गर्दीकडे जाणे आणि मदत मागणे हाही लढण्याइतकाच कौशल्याचा भाग मानला जातो.

फेऱ्यांची तीव्रता क्रमाने वाढते. प्रथम समोरून पकड, मग मागून, मग डोळे मिटून पडलेले असताना अंगावर पडणारे वजन. यामागे मानसशास्त्रातील परिचित तत्त्व आहे. डॉनल्ड मायकेनबॉम यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या 'ताण-लसीकरण' प्रशिक्षणात माणसाला पेलेल एवढा ताण टप्प्याटप्प्याने देऊन त्याची ताण सोसण्याची क्षमता वाढवली जाते. मात्रा चुकली तर हेच तत्त्व उलटे फिरते. विद्यार्थी हरत राहिला, तर त्याला हरण्याचाच सराव होतो. म्हणून या पद्धतीत प्रत्येक फेरी विद्यार्थ्याच्या यशाने संपली पाहिजे असा दंडक आहे. त्याला वेळ लागला, तो रडला, मध्येच थिजला, तरी प्रशिक्षिका त्याला तेथून पुढे नेते. थिजलेल्या अवस्थेत फेरी सोडली जात नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटाकडे काही वर्गांत विद्यार्थी स्वतःच्या मनातला प्रसंग मांडू शकतो. पूर्वी घडून गेलेला हल्ला असेल, किंवा ज्याची सतत धास्ती वाटते असा काही. हल्लेखोराने कोणते शब्द वापरायचे तेही तोच सांगतो. या टप्प्यावर प्रशिक्षण आणि मानसोपचार यांच्यातील सीमा पुसट होते. त्यामुळे काही ठिकाणी मानसोपचार सुरू असलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या उपचारकाशी आधी बोलण्यास सांगितले जाते.

सुरुवातीच्या काळात प्रसंग मुख्यतः गल्लीत गाठणाऱ्या अनोळखी हल्लेखोराचे असत. पद्धतीच्या नावातील 'मगिंग', म्हणजे वाटेत गाठून लुबाडणे, हेच सुचवते. परंतु लैंगिक हल्ले करणारा बहुधा ओळखीचा असतो: मित्र, नातेवाईक, वरिष्ठ, पूर्वीचा जोडीदार. ओळखीच्या माणसाला डोळ्यात बोटे घालण्याआधी मनात जो संकोच उभा राहतो, तो कोणत्याही डावाने सुटत नाही. म्हणून पुढील काळात संभाषणाचे प्रसंग वाढले. खांद्यावरचा हात न काढणारा सहकारी, दारातून न हलणारा पाहुणा, 'एवढे काय त्यात' म्हणणारा मित्र. यांपैकी बहुतेक प्रसंगांत फटका मारावा लागत नाही. ठाम आवाजाने काम झाले की पॅड घातलेला माणूस निघून जातो आणि तोही पूर्ण यशच मानला जातो.

पॅड घातलेला प्रशिक्षक

सर्व पद्धतीचा तोल या एका भूमिकेवर असतो. चिलखतामुळे त्याला फटक्याचा जोर जाणवतो, पण वेदना पुरेशी होत नाही. म्हणून फटक्याला प्रतिसाद कसा द्यायचा हे त्याला ठरवावे लागते. जांघेत गुडघा बसला की त्याने वाकायचे, डोळ्यांकडे बोटे आली की डोके मागे न्यायचे, आणि असंरक्षित माणूस बेशुद्ध पडला असता असा फटका बसला असे वाटल्यासच कोसळायचे. तो फार लवकर पडला तर विद्यार्थ्याला खोटा विश्वास मिळतो. पडलाच नाही तर योग्य फटक्यालाही उत्तर मिळत नाही आणि चुकीचा धडा मिळतो. हा निर्णय क्षणात, घामाघूम अवस्थेत, शिरस्त्राणाच्या आतून घ्यायचा असतो. पॅड असूनही मान मुरगळणे, डोक्याला हादरा बसणे, उष्णतेचा त्रास हे धोके त्याला असतातच.

चिलखताच्या काही मर्यादा कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाहीत. शिरस्त्राण खऱ्या डोक्यापेक्षा बरेच मोठे असते. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकीचा बसतो. पोशाखाच्या जाडीमुळे हल्लेखोराची हालचाल मंद होते. डोळ्यांवरील हल्ला केवळ खुणेने करता येतो. शिवाय वेदनेला मिळणारा प्रतिसाद हा शेवटी एक संकेत आहे. दारू किंवा अमली पदार्थांच्या अंमलाखालील माणूस त्या संकेताप्रमाणे वागेलच असे नाही.

भूमिका आणि माणूस वेगळे राहावेत याचीही काळजी घेतली जाते. शिरस्त्राण डोक्यावर असताना तो हल्लेखोर. ते काढून वर्तुळात बसला की प्रशिक्षक. पुरुषांच्या हिंसेला सामोऱ्या गेलेल्या स्त्रीने त्याच वर्गात एका पुरुषाला काळजीपूर्वक, आपल्या मर्यादा सांभाळून काम करताना पाहणे, हा प्रशिक्षणाचा एक अनपेक्षित लाभ असल्याचे प्रशिक्षक सांगतात.

प्रसार

१९८० च्या दशकात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को परिसर, बोस्टन, शिकागो आणि न्यू यॉर्क येथे या पद्धतीचे गट उभे राहिले. मतभेद आणि नावाच्या हक्काचे प्रश्न यांमुळे त्यांपैकी अनेकांनी पुढे 'इम्पॅक्ट' हे नाव घेतले. मुले, पुरुष आणि दिव्यांग व्यक्ती यांच्यासाठीही स्वतंत्र अभ्यासक्रम तयार झाले. बोस्टनच्या शाखेने अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. कारण त्यात फटक्यांहून अधिक भर, काळजीवाहू व्यक्तीला नकार देणे आणि घडलेले विश्वासू माणसाला सांगणे यांवर आहे.

पुरुषांमधील बाचाबाची आणि दारूच्या गुत्त्यातील मारामाऱ्या हे वेगळेच क्षेत्र होते. कोलोरॅडोतील पेटन क्विन यांनी तेथे पॅड घातलेला, शिव्या देत अंगावर येणारा विरोधक आणला आणि १९९६ मध्ये 'रिअल फायटिंग' हे पुस्तक लिहून अ‍ॅड्रिनॅलिनच्या ताणाखालील सरावाची कल्पना युद्धकलांच्या वाचकांपर्यंत पोचवली. माजी मरीन सैनिक बिल किप यांचे 'फास्ट डिफेन्स' हेही याच धाटणीचे. पोलीस प्रशिक्षणात 'रेडमन' या लाल रंगाच्या जाड पोशाखाचा वापर, तसेच टोनी ब्लाऊअर यांचा 'हाय गिअर' हा तुलनेने पातळ पोशाख परिचित आहे. पातळ पोशाखात विरोधकाला फटका काहीसा लागतो आणि त्याची प्रतिक्रिया कमी नाटकी होते. मात्र तेवढ्या प्रमाणात फटक्यांचा जोर आवरावा लागतो.

परिणामकारकता

या पद्धतीविषयी सर्वांत अधिक उद्धृत होणारा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलिझाबेथ ओझर आणि अल्बर्ट बांडुरा यांचा, १९९० सालचा आहे. बांडुरा हे स्व-सामर्थ्याविषयीच्या सिद्धान्ताचे जनक. अमुक एक गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास माणसाच्या वागण्याला वळण देतो, असे हा सिद्धान्त सांगतो. ४३ स्त्रियांना पॅड घातलेल्या हल्लेखोरासह प्रशिक्षण देऊन आधी, दरम्यान आणि ६ महिन्यांनंतर त्यांची चाचणी घेण्यात आली. हल्ल्याला तोंड देण्याच्या क्षमतेवरील विश्वास वाढला, मनात घुसणारे त्रासदायक विचार आणि चिंता कमी झाल्या, आणि केवळ भीतीपोटी टाळलेल्या गोष्टी, म्हणजे संध्याकाळी बाहेर पडणे किंवा एकटीने प्रवास करणे, त्या पुन्हा करू लागल्या. हा विश्वास आंधळा झाला नव्हता: सुरक्षित आणि धोकादायक प्रसंगांत फरक करण्याची त्यांची क्षमताही सुधारली होती.

सिअ‍ॅटल परिसरातील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्राथमिक अभ्यास वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. लष्करी सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या आणि आघातोत्तर तणाव विकार असलेल्या १० स्त्रियांना १२ आठवडे माहिती, बनावट हल्ल्यांचा सामना आणि स्वसंरक्षण असे एकत्र प्रशिक्षण देण्यात आले. ६ महिन्यांनंतर टाळाटाळीचे वर्तन, सततची दक्षता आणि नैराश्य यांत घट आढळली. अवघ्या १० जणींचा, तुलनेसाठी दुसरा गट नसलेला अभ्यास असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. बनावट हल्ला पीडितेला पुन्हा जखमी करीलच, ही भीती मात्र त्याने काहीशी सैल केली.

प्रशिक्षणाने प्रत्यक्ष हल्ले कमी होतात का, हा अधिक कठीण प्रश्न आहे. यावरचा सर्वांत भक्कम पुरावा कॅनडातील शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांच्या यादृच्छिक चाचणीचा. ती २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. तीन विद्यापीठांतील प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींपैकी ज्यांना १२ तासांचे प्रतिकार-प्रशिक्षण देण्यात आले त्यांच्यात एका वर्षात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते. केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होते. या अभ्यासाचा दाखला पॅड घातलेल्या हल्लेखोराच्या पद्धतीसाठीही अनेकदा दिला जातो; पण तो जपून द्यायला हवा. सेन यांचा कार्यक्रम प्रामुख्याने ओळखीच्या पुरुषांकडून येणारा धोका ओळखणे, तो मान्य करताना मनात येणारे अडथळे दूर करणे आणि ठामपणे बोलणे यांवर बेतलेला आहे. शारीरिक स्वसंरक्षण हा त्याचा एक भाग असून चिलखत घातलेल्या हल्लेखोराशी पूर्ण ताकदीची झुंज हा त्याचा गाभा नाही. प्रतिकाराचे शिक्षण उपयोगी पडते हे त्यावरून दिसते. चिलखतामुळे त्यात नेमकी किती भर पडते हे दिसत नाही.

भीतीच्या अवस्थेत सराव केल्याने कौशल्य टिकते, या दाव्याला अधिक थेट आधार पोलिसांवरील संशोधनातून मिळतो. नेदरलँड्समधील राऊल ऑडेयान्स यांनी २००८ साली १७ पोलिसांचे दोन गट केले. एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर नेम धरण्याचा सराव केला, दुसऱ्याने उलट साबणाच्या खुणेच्या गोळ्या झाडणाऱ्या माणसांवर. सरावापूर्वी दोन्ही गटांचा नेम ताणाखाली बिघडत होता. सरावानंतर दुसऱ्या गटाचा नेम ताण असतानाही टिकून राहिला, पहिल्याचा पूर्वीसारखाच बिघडला. केवळ तीन सत्रांत हा फरक पडला होता. येथे आव्हान नेमबाजीचे होते, झटापटीचे नव्हे, आणि गट लहान होते. तरीही दोन्ही गटांत फरक फक्त ताणाचाच असल्याने हा प्रयोग प्रश्नाच्या मुळाशी जातो.

या संदर्भात अनेक प्रशिक्षक 'ज्या अवस्थेत शिकावे त्याच अवस्थेत आठवते' या तत्त्वाचा आणि १९७५ साली पाणबुड्यांवर झालेल्या गॉडन आणि बॅडली यांच्या प्रयोगाचा उल्लेख करतात. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात, असे त्यात आढळले होते. त्या प्रयोगाची २०२१ मधील पुनरावृत्ती मात्र तोच निष्कर्ष देऊ शकली नाही, आणि शब्दांची यादी आठवणे व कोपर मारणे या एकाच जातीच्या गोष्टीही नव्हेत. भावनिक उद्दीपनाने स्मृती घट्ट होते याला मात्र चांगला आधार आहे. १९९४ साली लॅरी कॅहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांना असे आढळले की अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यास गोष्टीतील भावनिक भागाची स्मृती कमजोर होते. एका शनिवार-रविवारचे वर्ग अनेक वर्षे स्पष्ट आठवतात असे विद्यार्थी सांगतात, त्याचे एक कारण हे असू शकते. आठवण राहणे आणि हालचाल अचूक राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत; हालचालीसाठी उजळणी लागतेच.

टीका

स्त्रियांनी लढायला शिकावे म्हटल्याने हल्ल्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, हा स्त्रीवादी वर्तुळांतूनच घेतला गेलेला जुना आक्षेप आहे. ओरेगॉन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जॉसलिन हॉलंडर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याला उत्तर दिले आहे. समाज बदलेपर्यंत आज धोक्यात असलेल्या स्त्रीच्या हाती काही असावे, आणि प्रतिकाराचा हक्क असणे म्हणजे प्रतिकाराचे कर्तव्य असणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात मांडता येते. हा भेद वर्गात पाळला जातोच असे नाही. प्रशिक्षण घेऊनही एखादी स्त्री प्रत्यक्ष प्रसंगी थिजली तर तिच्या मनातील अपराधीपणा दुप्पट होण्याचा संभव असतो. ज्या कराटेपटू स्त्रीच्या हकिकतीतून ही पद्धत जन्मली तिच्या वाट्याला नेमके हेच आले होते. म्हणून जबाबदार संस्था पहिल्याच सत्रात सांगतात की त्या क्षणी जे केले ते जगण्यासाठी केले, आणि लढणे हा अनेकांपैकी एक मार्ग आहे.

खर्च हाही मुद्दा आहे. लहान वर्ग, दोन किंवा अधिक प्रशिक्षक, झिजणारे चिलखत यांमुळे शुल्क वाढते आणि ज्यांना धोका अधिक त्यांनाच ते परवडत नाही. देणग्या व शिष्यवृत्त्यांवर काही शाखा चालतात. स्वस्त पर्याय म्हणून काही ठिकाणी एका दुपारच्या कार्यशाळेत अननुभवी माणसाला पॅड घालून उभे केले जाते. हा प्रकार मूळ पद्धतीपेक्षा धोकादायक आहे. कारण तीव्रतेची मात्रा सांभाळणारे कोणी तेथे नसते.

कायदेशीर बाजू

पूर्ण ताकदीच्या सरावावर आणखी एक आक्षेप असा की त्यामुळे माणूस गरजेपेक्षा जास्त मारायला शिकतो. हल्लेखोर निश्चल होताच थांबून दूर होण्याचा ठरलेला शेवट याच कारणाने महत्त्वाचा आहे. अमेरिकेत स्वसंरक्षणाचे नियम राज्यागणिक बदलतात. भारतात खासगी बचावाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत हा हक्क पोचत नाही, असे कलम ३७ सांगते. मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला अशा कलम ३८ मध्ये दिलेल्या प्रसंगांत मात्र तो हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत विस्तारतो.